एनएफएल ड्राफ्टसाठी खेळाडू पोझिशननुसार कसे पारखावेत

एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग; ड्राफ्टमध्ये तिचे संघ पाळीपाळीने, फेऱ्यांमध्ये कॉलेज खेळाडू निवडतात. फेब्रुवारी सरता सरता इंडियानापोलिसला कम्बाइन, म्हणजे या खेळाडूंची शारीरिक चाचणी, सुरू होतो आणि जो तो ४० यार्डांच्या धावेचे आकडे सांगू लागतो. ते आकडे सध्या बाजूला ठेवा. २०१७ मध्ये रिसीव्हर (पास झेलणारा) जॉन रॉस ४.२२ सेकंदांत धावला, तेव्हाचा तो विक्रम होता. सिनसिनाटीने त्याला नवव्या क्रमांकावर घेतलं. एनएफएलच्या एकाही मोसमात तो ६०० यार्डांपर्यंत पोचला नाही. त्याच ड्राफ्टमध्ये ४.६२ सेकंद घेणारा कूपर कप तिसऱ्या फेरीपर्यंत थांबला आणि २०२१ मध्ये झेल, यार्ड, टचडाउन या तिन्हींत लीगमध्ये पहिला आला.

म्हणून आधी सामने पाहायचे, तेही सगळ्यात तगड्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्धचे. हायलाइट्स अजिबात नकोत.

रिसीव्हर: पहिल्या दोन-तीन पावलांत कॉर्नरला (त्याच्यावर पहारा ठेवणाऱ्या बचावपटूला) चुकवतो का आणि वळताना वेग किती गमावतो, एवढंच पाहा. रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा): पहिला टॅकल चुकवल्यावर काय करतो, आणि ब्लिट्झ (पास फेकणाऱ्यावर जादा बचावपटूंचा हल्ला) अडवतो का. एज रशर (कडेने पास फेकणाऱ्यावर धावून जाणारा बचावपटू): स्नॅपबरोबर (चेंडू मागे देऊन खेळ सुरू होताच) पडणारं पहिलं पाऊल, आणि पहिला डाव फसल्यावर दुसरा आहे का. कॉर्नर: चेंडू हवेत असताना मान वळवतो का. ऑफेन्सिव्ह टॅकलचे (आक्रमणाच्या फळीत कडेला उभं राहून बचावपटूंना अडवणाऱ्याचे) पाय पाहा. मोबीलच्या सीनियर बोलमधला (ड्राफ्टआधीचा कॉलेज खेळाडूंचा प्रदर्शनी सामना) एकास-एक सराव त्यासाठी उत्तम. ऑर्लँडो ब्राउन ज्युनियरचा २०१८ चा कम्बाइन फार वाईट गेला आणि तो तिसऱ्या फेरीत घसरला. पुढे तो प्रो बोलला (लीगमधल्या निवडक खेळाडूंचा मान) गेला.

आता क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा आणि आक्रमण चालवणारा. माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला आहे, आणि सगळ्यात टाकाऊ सल्लाही इथेच मिळतो: “हाताची ताकद बघा.” प्रो डेला (कॉलेजातच होणाऱ्या चाचणीला) समोर बचाव नसतो, अंगावर कोणी धावून येत नाही. नेटमधली फटकेबाजी पाहून कसोटी संघ निवडावा, तसलाच हा प्रकार. जमार्कस रसेलच्या हातात अफाट ताकद होती. २००७ मध्ये रेडर्सनी त्याला सर्वांत पहिला निवडला आणि तीन मोसमांत त्याची कारकीर्द संपली.

माझी पद्धत अशी. स्क्रीन पास (जवळच दिलेला छोटा पास) आणि आरपीओ (धाव की पास, हे एखाद्या बचावपटूकडे पाहून ठरणारा प्ले) आधी वगळा; त्यात फारसं वाचावं लागत नाही आणि टक्केवारी मात्र फुगते. मग तिसरा डाउन (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांतला तिसरा) आणि सात किंवा जास्त यार्ड हवे असलेले प्ले काढा. पहिल्यांदा पाहताना चेंडूकडे पाहूच नका, हेल्मेटकडे पाहा. स्नॅपआधी खोलवर सेफ्टी (सगळ्यात मागे उभा राहणारा बचावपटू) एक होता की दोन? स्नॅपनंतर ते हलले, तर याच्या लक्षात आलं का? पहिला रिसीव्हर अडकला की नजर दुसऱ्याकडे जाते, की तिथेच खिळते? टीव्हीच्या चित्रात सेफ्टी बऱ्याचदा चौकटीबाहेर असतात, म्हणून मागच्या कॅमेऱ्याचा रिप्ले मिळेल तिथे तोच वापरा.

दुसऱ्यांदा पाहताना फक्त दबावाखालचे प्ले. पॉकेट (क्वार्टरबॅकभोवतीचं संरक्षक कडं) कोसळताना जो धावून येणाऱ्यांकडे पाहू लागतो, त्याची मला धास्ती वाटते. एनएफएलमध्ये दबाव आणखी लवकर येतो. एक पाऊल पुढे सरकून नजर मैदानावर ठेवणारा हवा. प्रत्येक सॅक (पास सुटण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं) अडवणाऱ्या लाइनच्या माथी मारू नका, चेंडू किती वेळ हातात होता ते घड्याळ लावून मोजा.

तिसऱ्यांदा पाहताना एकच प्रश्न: रिसीव्हर वळण्याआधी चेंडू सुटला का? कॉलेजात रिसीव्हर इतके मोकळे असतात की उशीर खपून जातो. पुढे त्याच उशिराचं इंटरसेप्शन होतं, म्हणजे पास बचावपटूच्या हाती जातो.

ताकद यानंतर. आणि कृपया क्वार्टरबॅक जॉश अ‍ॅलनचा दाखला देऊ नका. वायोमिंग विद्यापीठात त्याचे जेमतेम ५६ टक्के पास पूर्ण व्हायचे आणि तरी तो एवढा सुधारला, हे खरं. पण असा बदल क्वचित घडतो, त्यावर पहिल्या फेरीची निवड उधळू नये. पुढे महान क्वार्टरबॅक ठरलेला टॉम ब्रेडी १९९ वा निवडला गेला, यावरून तुमच्या आवडत्या खेळाडूबद्दलही काही सिद्ध होत नाही.

प्रत्येकाबद्दल दोन ओळी लिहा आणि त्या लिहून होईपर्यंत कोणाचाही मॉक ड्राफ्ट (निवडींचा अंदाज) उघडू नका. कम्बाइनचे आकडे आता काढा. एखादा आकडा तुमच्या दोन ओळींशी जुळत नसेल, तर मत बदलण्याआधी त्या खेळाडूचा आणखी एक सामना पाहा.