ब्रँडेड मालाचे मल्टिपॅक ऑनलाइन कसे विकावेत

शाम्पूच्या तीन बाटल्या एका पिशवीत घातल्या, तोंड बंद केलं, की मल्टिपॅक तयार. हाताचं काम खरंच एवढंच असतं. अडचण त्यापुढे येते. त्या पिशवीला स्वतःचा बारकोड नसतो, बाटल्यांवरचा ब्रँड तुमचा नसतो आणि पिशवी मात्र तुम्ही बांधलेली असते. लिस्टिंग (विक्रीच्या वेबसाइटवरचं वस्तूचं पान) बंद पडणं, तिनाच्या जागी एकच नग ग्राहकाकडे जाणं, ‘माल अस्सल नाही’ अशी तक्रार येणं, या गोष्टींची सुरुवात बऱ्याचदा इथूनच होते. त्यामुळे माल उचलण्याआधी एकाच प्रश्नाचं उत्तर पक्कं करा: हा पॅक कंपनीने बांधलाय की मी?

१. पॅक कोणाचा, ते आधी ठरवा

कंपनीने कारखान्यातच बांधलेला पॅक सहज ओळखता येतो. त्याच्या बाहेरच्या वेष्टनावर वेगळा बारकोड असतो आणि बऱ्याचदा नगांची संख्याही छापलेली असते. तो जसा आहे तसाच, त्याच बारकोडवर विकायचा.

सुटे नग घेऊन तुम्ही स्वतः पॅक बांधणार असाल, तर मार्केटप्लेसचं, म्हणजे ॲमेझॉन, ईबेसारख्या विक्रीच्या वेबसाइटचं, पॅक आणि बंडलविषयीचं धोरण पूर्ण वाचा. एकसारखे नग म्हणजे मल्टिपॅक आणि वेगवेगळ्या वस्तू एकत्र म्हणजे बंडल किंवा कॉम्बो. दोघांचे नियम वेगळे असू शकतात आणि काही वर्गांत ब्रँडमालकाशिवाय इतरांना पॅक बांधायची परवानगीच नसते. हे वाचन खरेदीच्या आधी व्हायला हवं. गोदामात माल आल्यावर धोरण वाचणारा विक्रेता बहुधा तो माल सुटाच विकत बसतो.

२. विकण्याचा हक्क आणि त्याची हद्द

ब्रँडमालकाने किंवा त्याच्या संमतीने अस्सल माल एकदा बाजारात आला, की पुढच्या विक्रीला ट्रेडमार्कच्या आधारावर सहसा आडकाठी करता येत नाही. अमेरिकेत याला ‘फर्स्ट सेल’ म्हणतात. युरोपीय संघाच्या २०१७ च्या ट्रेडमार्क नियमावलीत हेच तत्त्व कलम १५ मध्ये आहे, पण तिथे ते युरोपीय आर्थिक क्षेत्रात बाजारात आलेल्या मालापुरतंच लागू होतं. शिवाय मालाची मूळ अवस्था बदलली किंवा बिघडली असेल, तर ब्रँडमालक हरकत घेऊ शकतो.

व्यवहारात याचा अर्थ सरळ आहे. मूळ खोके उघडू नका, सील तोडू नका, बॅच क्रमांक झाकून टाकू नका आणि तुमच्या पिशवीवर ब्रँडचा लोगो छापू नका. पिशवी साधी, पारदर्शक असलेली उत्तम. ग्राहकाला आतला माल कंपनीचा आणि बांधणी विक्रेत्याची, हे बघताक्षणी कळलं पाहिजे.

उलटा प्रकारही चालतो, म्हणजे कंपनीचा मोठा पॅक फोडून सुटे नग विकणं. आतल्या नगावर ‘सुट्या विक्रीसाठी नाही’ अशा अर्थाचा मजकूर असेल, तर त्या वाटेला जाऊच नका. अशा नगावर कायद्याने आवश्यक असलेली पूर्ण माहिती बऱ्याचदा छापलेली नसते.

आणि खरेदीची बिलं जपा. अधिकृत वितरकाचं बिल, त्यावर तुमच्या व्यवसायाचं नाव, मालाचं नेमकं वर्णन आणि विकलेल्या नगांना पुरेल एवढी संख्या. अस्सलपणाबद्दल शंका आली की मार्केटप्लेस पहिल्यांदा हेच मागतं. किरकोळ दुकानाची पावती तिथे सहसा चालत नाही. संख्या मोजताना तीनचे ४० पॅक म्हणजे १२० नग, हेही लक्षात असू द्या.

३. बारकोड: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

२६ जून १९७४ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील ट्रॉय इथे दुकानाच्या काउंटरवर पहिल्यांदा यूपीसी बारकोड स्कॅन झाला. ती वस्तू होती रिग्लेच्या ज्यूसी फ्रूट च्युइंगगमचा दहा पाकिटांचा पॅक. म्हणजे या बारकोडची सुरुवातच एका ब्रँडेड मल्टिपॅकने झाली, आणि पॅकची ओळख आतल्या सुट्या नगापेक्षा वेगळी असते हे तत्त्व आजही तसंच आहे. बारकोडखालच्या आकड्याला जीटीआयएन म्हणतात. अमेरिकेत रुळलेल्या यूपीसीत १२ अंक असतात, इतरत्र वापरल्या जाणाऱ्या ईएएनमध्ये १३. एक नग, दोनचा पॅक आणि सहाचा पॅक या, बारकोड क्रमांकांचे नियम ठरवणाऱ्या जीएस१ संस्थेच्या नियमांनुसार, तीन वेगळ्या वस्तू आहेत आणि प्रत्येकीला स्वतंत्र क्रमांक लागतो. तो क्रमांक देण्याचं काम ब्रँडमालकाचं.

म्हणून सुट्या नगाचा बारकोड पॅकच्या लिस्टिंगला लावू नका. तसं केलं की तुमचा पॅक एका नगाच्या लिस्टिंगमध्ये मिसळतो आणि कोणाला एक मिळतो, कोणाला तीन. कुठल्या तरी वेबसाइटवरून स्वस्तात विकत घेतलेले क्रमांकही नकोत. मार्केटप्लेस ते जीएस१च्या नोंदींशी ताडून बघू शकतं आणि तिथे भलत्याच कंपनीचं नाव निघतं. तुम्ही बांधलेल्या पॅकसाठी योग्य मार्ग म्हणजे जीटीआयएनमधून सूट मागणं, म्हणजे तो क्रमांक न देता लिस्टिंग करायची परवानगी घेणं. ॲमेझॉनवर त्यासाठी अर्जाची सोय आहे.

आता प्रत्यक्ष पिशवी हातात घ्या. पारदर्शक पिशवीतून तीन बाटल्यांचे तीन बारकोड बाहेर डोकावत असतात. मार्केटप्लेसच्या गोदामातला स्कॅनर समोर येईल तो बारकोड वाचतो आणि तुमचा तीनचा पॅक ‘एक बाटली’ म्हणून नोंदला जातो. त्यासाठी बाटल्या फिरवून बारकोड आतल्या बाजूला करा. जे दिसतातच ते बाहेरून, म्हणजे पिशवीवर कोरी पट्टी लावून झाका. बाटलीवर काहीही चिकटवू नका. मग पॅकचं स्वतःचं लेबल सपाट भागावर लावा आणि शेजारी ‘हा एकच संच आहे, सुटा करू नका’ अशी ठळक सूचना द्या, गोदामातल्या लोकांना वाचता येईल त्या भाषेत. पूर्ण पॅकवर स्कॅनर फिरवून फक्त एकच क्रमांक वाचला जातो ना, हे रवाना करण्याआधी तपासा.

४. लिस्टिंगमधली संख्या

‘३ चा पॅक’ हे शब्द शीर्षकात सुरुवातीच्या भागातच यावेत, कारण मोबाइलवर शीर्षक अर्धवट दिसतं. मुख्य फोटोत ग्राहकाच्या हाती येतील तेवढेच नग दाखवा. ॲमेझॉनवर या फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी आणि वस्तू चौकटीच्या किमान ८५ टक्के भागात असावी लागते.

खरा गोंधळ संख्येच्या रकान्यांत होतो. समजा, खोक्यात २० ब्लेड आहेत आणि तुम्ही तशी ३ खोकी विकताय. वॉलमार्टवर मल्टिपॅकची संख्या ३, प्रत्येक पॅकमधली संख्या २० आणि एकूण संख्या ६० भरायची. पहिल्या रकान्यात ६० टाकलंत, तर ग्राहक ६० खोक्यांची वाट बघेल! इतर ठिकाणी रकान्यांची नावं वेगळी असतात, त्यामुळे प्रत्येकाखालची मदतीची टीप वाचूनच आकडा भरा.

५. किंमत

मल्टिपॅकमध्ये प्रतिनग किंमत सुट्या नगापेक्षा जास्त नसावी. ॲमेझॉनच्या किंमतविषयक धोरणात असा प्रकार कारवाईचं कारण म्हणून स्पष्ट लिहिलेला आहे आणि माझ्या मते तो नियम अगदी रास्त आहे. पॅक घेणारा माणूस स्वस्त पडेल या विश्वासावरच घेत असतो.

सूट किती द्यायची, ते बचत कुठे होते यावर ठरवा. कमिशन टक्केवारीत असेल तर तीन नगांवर साधारण तिप्पटच लागतं, तिथे फारसं काही वाचत नाही. वाचतो तो ऑर्डरमागचा ठरावीक खर्च: एक खोकं, एक लेबल, एक डिलिव्हरी. सूट यातूनच द्यायची.

पण खोक्याचा आकार ही बचत खाऊन टाकू शकतो. बऱ्याच कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि येणारं वजन प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त असेल तर त्यावर पैसे लावतात. २०×१५×१० सेंमीची दोन खोकी एकावर एक ठेवून २४×१९×२४ च्या कार्टनमध्ये घातली, तर हिशेबाचं वजन २.१९ किलो होतं. तीच २१×१६×२१ मध्ये बसवली तर १.४१ किलो. आधी कार्टन मोजा, मग किंमत लिहा.

फक्त जास्त नग खपवायचे असतील, तर मल्टिपॅकची गरजच नसेल. ईबेवर एकाच लिस्टिंगमध्ये दोन, तीन, चार नगांवर वाढती सूट देता येते. बांधणीचा खटाटोप वाचतो.

६. पॅकिंग, स्टॉक आणि परत आलेला माल

सपाट ठेवून तोंड पाच इंच किंवा त्याहून मोठं भरणारी प्लॅस्टिक पिशवी असेल, तर ॲमेझॉनच्या गोदामासाठी गुदमरण्याच्या धोक्याची सूचना छापलेली लागते. मुदतीच्या मालात एका पॅकमधले नग शक्यतो एकाच बॅचचे घ्या. तारखा वेगळ्या असतील तर सर्वांत लवकरची तारीख पॅकची मानून तीच बाहेर लिहा.

तोच माल सुटा आणि पॅकमध्ये असा दोन्हीकडे विकत असाल, तर स्टॉक नगांतच मोजा. शेल्फवर १० नग असतील तर तीनचे ३ पॅक दाखवता येतात. एक सुटा नग गेला तरी ९ उरतात, पॅक ३ च राहतात. दुसरा गेला की ८ उरतात आणि पॅकची संख्या लगेच २ वर आणावी लागते. हे सॉफ्टवेअरने आपोआप होत नसेल, तर पॅकसाठी नग वेगळे काढून ठेवा.

परत आलेला पॅक उघडून नग मोजा, सील बघा, फोटो काढा. सील शाबूत असलेले नग सुटे विकता येतात. तुटलेल्या सीलचा नग दुसऱ्या पॅकमध्ये कधीही घालू नका.

आणि अधूनमधून ब्रँडची यादी चाळत राहा. कंपनीने तेवढ्याच नगांचा स्वतःचा पॅक आणला असेल, तर तुमच्या बांधणीचा माल त्या लिस्टिंगवर चढवू नका. कंपनीचा पॅक मागवा आणि त्याच्या बारकोडवर विका. उरलेले नग सुट्या लिस्टिंगवर संपवा.