मानेतली गाठ: सुई-ब्लेड उचलायच्या आधी या चुका टाळा

सर्जरीच्या नव्या रेसिडेंट पोरांना सांगतोय, पेशंटच्या घरच्यांनीही वाचा. कॅरोटिडचा स्यूडोॲन्युरिझम म्हणजे मेंदूकडे जाणाऱ्या धमनीला मानेत भोक पडतं आणि बाहेर आलेलं रक्त आजूबाजूच्या टिश्यूंनी कसंबसं अडवून धरलेलं असतं, धमनीच्या भिंतीचे तिन्ही थर त्या फुग्याला नसतातच, म्हणून तो फुटायची भीती.

सगळ्यात घातक चूक म्हणजे गळू समजून चिरा देणं. संक्रांतीनंतर तीनेक आठवड्यांनी एक मुलगा आला होता, मांजाने मान कापलेली, टाके दुसरीकडे घातलेले, जखम वरून छान भरलेली पण खाली लिंबाएवढी गाठ, कातडी लालसर, ठणका. रेसिडेंटने ट्रे मांडून ब्लेडसुद्धा लावलं होतं. मी गाठीच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवली तर प्रत्येक ठोक्याला ती एकमेकांपासून लांब सरकत होती. (धमनीवर बसलेली साधी गाठ बोटं नुसती वर उचलते, फाकवत नाही.) स्टेथो लावला तर घूं घूं. आई म्हणाली, "डॉक्टर, आठ दिवस आवाज बसलाय त्याचा, आणि ही डावी पापणी पण उतरलीये." हे तिला आधी कुणी विचारलंच नव्हतं! सीटी ॲन्जिओत (रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन) फुगा दिसला, व्हॅस्क्युलरच्या म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जन सरांनी पायाची शीर घेऊन धमनी दुरुस्त केली, मुलगा चालत घरी गेला. ब्लेड लागलं असतं तर टेबलावरच गेला असता. तेव्हापासून माझ्या युनिटमध्ये आधी हात, मग स्टेथो, मग डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी), आणि सुई त्यानंतरच. दोन मिनिटं लागतात, तेवढाही धीर नसेल तर मानेला हात लावू नका.

ठोका लागत नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, आत रक्ताची गुठळी झाली की ठोका लागेलच असं नाही.

जांघेतला स्यूडोॲन्युरिझम सोनोग्राफीच्या प्रोबने दाबून बंद करतात, तो प्रकार मानेत नको, गुठळी सुटून मेंदूत गेली तर लकवा. घरी चोळणं, शेकणंही नको.

गिळायला त्रास, जीभ बाहेर काढल्यावर एका बाजूला वळणं, हात थोडा वेळ लुळा पडून परत ठीक होणं, हे सगळं विचारा; आवाज, पापणी, जीभ यांच्या नसा कॅरोटिडला लागूनच असतात, फुगा त्यांना दाबतो, आणि हात लुळा पडला तर गुठळीचा तुकडा मेंदूत गेलेला असू शकतो.

सेंट्रल लाइनची (मानेतल्या मोठ्या शिरेत घालतात ती) जाड नळी चुकून कॅरोटिडमध्ये गेली तर उपसून दाबत बसू नका, तशीच ठेवून व्हॅस्क्युलरला बोलवा.

आणि तंबाखूमुळे तोंडाचा कॅन्सर झालेले, रेडिएशन घेतलेले पेशंट आपल्याकडे ढिगाने आहेत, त्यांच्या तोंडातून थोडंसं रक्त येऊन आपोआप थांबलं तरी घरी पाठवू नका, त्याच रात्री ॲन्जिओ करा, कॅरोटिड कमजोर होऊन फुटायच्या बेतात असल्याची ती खूण असू शकते.