आईवडील हयात असतानाच वाटणीविषयी घरात कसे बोलावे

वडिलोपार्जित जमीन किंवा राहते घर यांवरून भावंडांत कायमचा अबोला येतो, तेव्हा त्याचे कारण हिश्श्याच्या आकारापेक्षा तो हिस्सा कसा आणि कोणाकडून कळला यातच अधिक वेळा सापडते. वडिलांचे तेरावे उरकते न उरकते तोच बहिणीला "उद्या तालुक्याला यायचं आहे, सह्या करायच्या आहेत" एवढेच सांगितले जाते आणि आपण हक्कसोडपत्र करून देत आहोत, हे तिला दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातील बाकावर बसल्यावर उमगते. जमिनीवर कधीच हक्क सांगणार नसलेली बहीणही मग म्हणते, "मला काही नकोच होतं, पण विचारलं तरी असतं." हे विचारणे नेमके कसे करावे, हा या लेखाचा विषय आहे.

बोलण्याआधी कागद गोळा करावेत, कारण अर्धे भांडण अपुऱ्या माहितीवरच पोसलेले असते. शेतजमिनीचे सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या गावातील सर्व जमिनींचा उतारा) आणि फेरफार (मालकी बदलल्याची नोंद), गावठाणातील घराची मिळकत पत्रिका, सदनिका असल्यास गृहनिर्माण संस्थेचे भाग प्रमाणपत्र आणि कर्जाचा बोजा असल्यास त्याची नोंद, या सर्वांच्या प्रती प्रत्येक भावंडाला एकाच दिवशी मिळाव्यात. गावी राहणाऱ्या भावाकडे सारी कागदपत्रे आणि पुण्या-मुंबईच्या भावंडांकडे नुसते अंदाज, अशी स्थिती असेल तर कितीही गोड बोलले तरी संशय जात नाही.

कायद्याची किमान ओळखही सर्वांना सारखीच हवी. वडिलांची स्वकष्टार्जित मालमत्ता ते मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतात. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायदा, १९५६ नुसार पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास वडिलांची आई हे समान वाटेकरी ठरतात. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क देणारी दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू आहे. महाराष्ट्राने असा हक्क १९९४ मध्येच दिला होता, मात्र त्यातून आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. २००५ च्या दुरुस्तीचा लाभ मिळण्यासाठी त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. गोव्यात नियम वेगळे आहेत. तेथे साधारणपणे अर्धी मालमत्ता मुलांसारख्या सक्तीच्या वारसांसाठी राखीव असते, त्यामुळे तेथील कुटुंबांनी महाराष्ट्रातील नातेवाइकांचा सल्ला जसाच्या तसा उचलू नये.

विषय काढावा कोणी? शक्यतो आईवडिलांनीच. मुलाने काढला तर "आम्ही जायची वाट बघताय का?" हा प्रश्न ओठांवर आला नाही तरी मनात येतोच. तरीही मुलालाच सुरुवात करावी लागली, तर मालमत्तेचे नाव न घेता आईवडिलांच्या पुढील दिवसांपासून सुरुवात करावी: "बाबा, तुमच्या आणि आईच्या औषधपाण्याची, राहण्याची सोय कायम कशी राहावी असं तुम्हाला वाटतं? ते ठरलं की बाकीचं तुमच्या मनाप्रमाणे लिहून ठेवू." ही नुसती बोलण्याची युक्ती नव्हे, वृद्धांची खरी भीती तीच असते. बक्षीसपत्राने दिलेली मालमत्ता लगेच हातची जाते, मृत्युपत्र मात्र हयातीत केव्हाही बदलता येते, हा फरक त्यांना शांतपणे समजावून द्यावा. बक्षीसपत्रच करायचे असेल, तर सांभाळ करण्याची अट त्यात लिहून घ्यावी. ती पाळली नाही तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार ते रद्द करून घेण्याचा मार्ग खुला राहतो.

बैठक सणाच्या दिवशी ठेवू नये. सर्वजण आयतेच जमतात म्हणून भाऊबिजेचा मुहूर्त अनेकांना सोयीचा वाटतो, पण ओवाळणीच्या ताटाशेजारी सातबारा ठेवला की बहिणीला नाही म्हणणे अवघड होते, आणि तिने तसे म्हणू नये हाच पुष्कळदा छुपा हेतू असतो. परदेशातील भावंडाला त्याच्या सोयीच्या वेळी व्हिडिओ कॉलवर घ्यावे. निर्णय झाल्यावर व्हॉट्सॲपवर कळवणे म्हणजे विचारणे नव्हे. जावई आणि सुनांना बाहेर ठेवावे की नाही, याबद्दल घरोघरी वाद असतो. माझ्या मते पहिली बैठक आईवडील आणि भावंडे यांचीच असावी, परंतु दुसरीत सुना-जावयांनाही बसवावे, कारण रात्री खोलीत जे बोलले जाणारच आहे ते समोर बोललेले बरे.

बहिणीशी बोलताना गृहीत धरणारे वाक्य टाळावे. "ताई, तुला कुठे काय कमी आहे?" या प्रश्नात उत्तर आधीच कोंबलेले असते. त्याऐवजी असे म्हणावे: "ताई, कायद्याने यात तुझा आमच्याइतकाच हिस्सा आहे. तुला तो हवा आहे का, आणि हवा असेल तर जमिनीच्या रूपात की पैशांच्या? आज लगेच सांगायची गरज नाही." आणि मग खरोखरच थांबावे. आपण मागितले तर माहेर तुटेल, या धास्तीने पुष्कळ बहिणी गप्प राहतात. त्या गप्पपणाला संमती समजू नये. तिने हिस्सा मागितला, तर तिच्या लग्नातील खर्चाचा हिशेब काढू नये, निदान भावांच्या शिक्षणाचा हिशेब मांडायची तयारी नसेल तर नक्कीच नाही. तिने स्वखुशीने हक्क सोडला, तर हक्कसोडपत्राचा मसुदा तिला आधी घरी वाचायला द्यावा.

ठरलेल्या गोष्टींचे तारखेसह टिपण करून सर्वांना वाचून दाखवावे. मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नसली तरी करून घेणे हिताचे आहे. बँकेत एखाद्याचे नामनिर्देशन (नॉमिनेशन) केले म्हणजे पैसा त्याचाच झाला, असा गैरसमज सर्रास आढळतो, म्हणून नामनिर्देशित व्यक्ती सहसा वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारणारी असते, हे बैठकीतच सांगून टाकावे. वाटणी असमान ठेवायची असेल, तर त्याचे कारण वडिलांनी स्वतःच्या तोंडाने सांगावे. "धाकट्याने आमचं दुखणंखुपणं काढलं, म्हणून घर त्याला" हे त्यांच्याकडून ऐकताना वाईट वाटेल, पण तेच त्यांच्या पश्चात वकिलाकडून ऐकले तर धाकट्याने ते लिहून घेतले असा संशय येईल.

आईच्या दागिन्यांचा विषय मात्र सातबाऱ्यात येत नाही आणि म्हणूनच तो शेवटी राहतो. पाटल्या कोणाच्या, मोहनमाळ कोणाची, हे आईने सर्वांसमोर, सुनाही हजर असताना सांगावे आणि मृत्युपत्रात वस्तूनिहाय लिहावे. नुसत्या डायरीतील चिठ्ठीवर विसंबू नये. याहून सोपा मार्ग म्हणजे, ज्या वस्तू ती आता वापरत नाही त्या तिने हयातीतच, स्वतःच्या हाताने देऊन टाकाव्यात.