नाडी, लग्नपत्रिका आणि टाचण्या : घरी डीएनए बनवा आणि त्याची कॉपी काढून बघा

भाचीच्या बारावीच्या प्रोजेक्टसाठी मी एकदा थर्माकोलचे गोळे आणि टूथपिक वापरून डीएनए करून दिला होता, दिसायला झकास, पण सगळं डिंकाने पक्कं चिकटवलेलं. तिने विचारलं मामा, आता याची कॉपी कशी होते ते दाखव ना, आणि मी गप्प, कारण ती शिडी उघडतच नव्हती. वरून दोन्ही बाजूचे दांडे अगदी सारखे, म्हणजे जी मेन गंमत आहे तीच गायब. म्हणून हा दुसरा प्रकार, एका संध्याकाळी होतो आणि खर्च जवळपास शून्य.

सामान

परकराला घालतात ती चपटी सुती नाडी, 60 सेंमीचे 4 तुकडे, 2 पांढरे आणि 2 रंगीत. जुन्या लग्नपत्रिका (प्रत्येक घरात गठ्ठा असतोच), स्टेपलर, टाचण्यांची डबी, मार्कर, सेलोटेप आणि थोडा लाल कागद. लहान मुलं असतील तर टाचण्या मोजून काढा आणि मोजून परत ठेवा.

1. अक्षरं कापा

डीएनएची अक्षरं चारच, ए, टी, जी आणि सी, म्हणजे चार वेगवेगळे रेणू. त्यांच्यासाठी पत्रिकेच्या पट्ट्या कापायच्या. ए आणि जी 7 सेंमीच्या, टी आणि सी 5 सेंमीच्या, प्रत्येकी 12. लांबी अशी कमीजास्त का, तर ए आणि जी हे खरोखरच मोठे रेणू आहेत, त्यांच्यात दोन कडी असतात, टी-सी मध्ये एकच. मोठ्याला नेहमी छोटा जोडीदार मिळतो म्हणून शिडीची रुंदी सगळीकडे सारखी राहते. खऱ्या डीएनएत ती साधारण 2 नॅनोमीटर असते, आपली 11-12 सेंमी.

2. नाडीवर बाण काढा, हे विसरू नका

एका पांढऱ्या नाडीवर डावीकडून उजवीकडे बाण काढत जा, दुसरीवर उजवीकडून डावीकडे. नाडी म्हणजे साखर आणि फॉस्फेटची साखळी, आणि साखरेचा रेणू दोन्ही बाजूंनी सारखा नसल्यामुळे साखळीला दिशा येते. पुस्तकात शेपटीला पाच प्राइम आणि बाणाच्या टोकाला तीन प्राइम म्हणतात. दोन्ही धागे उलटसुलट दिशांना जातात हे क्रिकला कळलं ते रोझालिंड फ्रँकलिनच्या एक्सरे कामातल्या मोजमापांवरून, डीएनएच्या रचनेच्या 1953 सालच्या शोधात वॉटसन-क्रिक या शास्त्रज्ञांचं नाव गाजलं पण हा धागा तिच्याकडून आला.

3. शिडी जोडा

वरच्या नाडीला दर 4 सेंमीवर या क्रमाने अक्षरं स्टेपल करा : ए टी जी सी सी ए टी टी जी ए सी जी. खालच्या नाडीला समोरासमोर जोडीदार, ए समोर टी आणि जी समोर सी. मग मधे टाचण्या, ए-टी ला 2 आणि जी-सी ला 3. इतक्याच हायड्रोजन बंधांनी ते खरंच धरलेले असतात, आणि काढताना बोटांना कळतं की जी-सी जरा चिवट आहे.

4. पीळ द्या

साधारण दहा जोड्यांत एक पूर्ण फेरा. शिडी उभी धरल्यावर समोरची नाडी खालून डावीकडून वर उजवीकडे चढताना दिसली पाहिजे, साध्या स्क्रूच्या आट्यासारखी. उलटी दिसली तर पीळ चुकला, घाबरू नका, छापील चित्रांत पण ही चूक सर्रास सापडते.

आता कुणाला तरी उजवं टोक घट्ट धरायला सांगा आणि डावीकडून टाचण्या काढून दोन नाड्या बाजूला ओढा. पुढचा पीळ सुतळीसारखा आवळत जातो बघा. पेशीत उघडायचं काम हेलिकेज नावाचं एन्झाइम (पेशीतली कामं करणारं प्रथिन) करतं आणि हा आवळलेला पीळ सोडवायला टोपोआयसोमरेज नावाची एन्झाइम असतात, ती धागा कापून, पीळ सोडून परत जोडतात. सिप्रोफ्लॉक्सासिन ही गोळी जंतूंमधल्या याच एन्झाइमवर घाव घालते. असो, आता पीळ काढून शिडी टेबलावर सपाट ठेवा.

5. कॉपी करा

डावीकडच्या 4 जोड्या उघडा. तुमचा हात म्हणजे पॉलिमरेज, अक्षरं जोडत कॉपी काढणारं एन्झाइम, आणि त्याचे नियम दोनच : नवीन अक्षर फक्त बाणाच्या टोकाला जोडायचं, आणि कोऱ्या जागेवर स्वतःहून सुरुवात करायची नाही. सुरुवातीचं अक्षर लाल कागदाचं, तो प्रायमर, म्हणजे आरएनए या डीएनएच्या भावंडाचा सुरुवातीचा तुकडा (खरा साधारण दहा अक्षरांचा असतो).

खालची बाजू सोपी. नव्या रंगीत नाडीचा बाण डावीकडून उजवीकडे, म्हणजे शिडी उघडेल तसं मागोमाग सलग जात राहायचं.

वरच्या बाजूला गोची होते. तिथे नव्या नाडीचा बाण उजवीकडून डावीकडे असायला हवा, म्हणजे चौथ्या अक्षरापासून सुरू करून पहिल्यापर्यंत मागे यायचं. मग पुढच्या 4 उघडा, आणि परत आठवीपासून पाचवीपर्यंत मागे. मग बारावीपासून नववीपर्यंत. दुसरी रंगीत नाडी सरळ कापून 3 तुकडे करा, दुसरा मार्गच नाही. हेच ओकाझाकी तुकडे, 1960 च्या दशकात जपानमध्ये नागोयाला रेइजी आणि त्सुनेको ओकाझाकी या नवरा-बायकोने शोधले. आपल्या पेशीत एकेक तुकडा 100-200 अक्षरांचा असतो.

आता मधली लाल अक्षरं काढून तिथे साधी लावा आणि सांधे सेलोटेपने जोडा, सेलोटेप म्हणजे लायगेज, सांधे जोडणारं एन्झाइम.

6. तपासा

कुणाला तरी मोठ्याने अक्षरं वाचायला लावा आणि चुकीची जोडी दिसली की उपटा. पॉलिमरेज पण मागे वळून हेच करतं, आणि मागाहून दुरुस्ती करणारी वेगळी टोळी येते, त्यामुळे शेवटी अब्जावधी अक्षरांत एखादी चूक उरते. आणि हे सगळं सेकंदाला साधारण 50 अक्षरांच्या स्पीडने. आपलं सगळ्यात मोठं क्रोमोसोम (पेशीतला डीएनएचा एक अखंड धागा) जवळपास 25 कोटी जोड्यांचं, मधोमध एकाच जागी उघडून दोन्हीकडे कॉपी केलं तरी महिना जाईल, म्हणून पेशी हजारो ठिकाणी एकदम उघडते आणि साधारण आठ तासांत मोकळी होते.

आता टेबलावर दोन शिड्या आहेत, दोन्हीत एक पांढरी नाडी आणि एक रंगीत. मेसेलसन आणि स्टाल या शास्त्रज्ञांनी 1958 मध्ये बॅक्टेरियाला आधी जड नायट्रोजन खायला घालून नेमकं हेच दाखवलं होतं, रंगाऐवजी वजनाने.

दोन लाल अक्षरं अजून उरलीयत ना, एक खालच्या नव्या नाडीच्या अगदी सुरुवातीला आणि एक वरच्या नव्या नाडीच्या उजव्या टोकाला. ती पण काढा, पण तिथे दुसरं काही लावायचा मोह टाळा, कारण त्यांच्या मागे जोडायला बाणाचं टोकच नाही. आपल्या क्रोमोसोमची टोकं अशीच दर कॉपीला थोडी तोकडी होतात, म्हणून तिथे टीटीएजीजीजी हीच अक्षरं हजारो वेळा नुसती घासायला ठेवलेली असतात.