‘बँक’चे मूळ शोधताना: एका इंग्रजी शब्दाचे अनेक अर्थ कसे उलगडावेत

‘बँक’ म्हणजे पैसे ठेवायची जागा, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण इंग्रजीत नदीचा काठही बँकच, पाण्याखालचा उंचवटाही बँक, स्विचांची ओळही बँक, आणि वळताना विमान एका अंगाला कलते तेही ‘बँक’ करते. एकाच शब्दात इतके अर्थ आले कुठून, की हे मुळात वेगवेगळेच शब्द आहेत? हे घरबसल्या शोधता येते. एक वही, एखादा मोठा इंग्रजी शब्दकोश, मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश आणि दोनेक तासांची सवड एवढे पुरे. इथे ‘बँक’ घेऊन सगळी रीत दाखवली आहे. पुढे कोणताही शब्द याच वाटेने नेता येईल.

आधी वाक्ये, मग कोश

पहिल्याच मिनिटाला शब्दकोश उघडू नका. कोशातले अर्थ डोळ्यांपुढे आले की त्यापलीकडचे सुचत नाही. वर्तमानपत्र, नकाशा, क्रिकेटचे किंवा विमानाचे वर्णन, जिथून मिळतील तिथून बारा-पंधरा वाक्ये उतरवून घ्या आणि प्रत्येकापुढे मराठीत दोन-तीन शब्दांत अर्थ लिहा. मराठीतच लिहा, कारण मराठी तुम्हाला निवड करायला भाग पाडते. ‘काठ’, ‘उतार’, ‘ओळ’, ‘पेढी’, ‘कलणे’, ‘भिस्त ठेवणे’ हे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत, त्यामुळे अर्थांची फोड आपोआप होते.

नकाशे यासाठी फार चांगले. विजयदुर्गच्या पश्चिमेला, किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात ‘आंग्रिया बँक’ आहे. नाव कान्होजी आंग्र्यांवरून पडले. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ती आंग्र्यांच्या खजिन्याशी जोडलेली एखादी गोष्ट वाटते. प्रत्यक्षात तो समुद्राच्या तळावरचा विस्तीर्ण पठारासारखा उंचवटा आहे, वर प्रवाळ आहे आणि तो सगळा पाण्याखालीच असतो. इथल्या ‘बँक’चा पैशाशी काही संबंध नाही. वहीत याच्यापुढे ‘पाण्याखालचा उंचवटा’ असे लिहा आणि ते नदीकाठाच्या शेजारी ठेवा. दोन्हींत उंच झालेली जमीन आहे, हा धागा पुढे कामी येतो.

बारीक आकडे बघा

आता कोश उघडा. शब्दाच्या डोक्यावर उजवीकडे बारीक १, २, ३ असे आकडे दिसतील. एका आकड्याखालचे सगळे अर्थ एकाच शब्दाचे विस्तार असतात. आकडा बदलला की कोशकाराच्या मते शब्दच बदलला, फक्त रूप सारखे आहे. छोट्या कोशांत जागा वाचवण्यासाठी हे आकडे गाळतात आणि सगळे अर्थ एकाच रांगेत देतात. नवशिक्याची पहिली चूक इथेच होते: सगळे अर्थ एकाच मुळातून फुटले असे धरून तो काठापासून तिजोरीपर्यंत स्वतःच पूल बांधतो.

मराठीतले ‘पीठ’ आठवा. गिरणीतले पीठ संस्कृत ‘पिष्ट’वरून आले, म्हणजे दळलेले. शारदापीठातले किंवा खंडपीठातले पीठ म्हणजे आसन, ते संस्कृतातले ‘पीठ’ जसेच्या तसे. कानाला दोन्ही एक, घराणी दोन. ‘बँक’चे आकडे वाचताना हा नमुना मनाशी धरा.

मुळाची ओळ वाचणे

नोंदीच्या आरंभी किंवा शेवटी चौकटी कंसात मुळाची ओळ असते. ती जवळच्या काळाकडून दूरच्या काळाकडे जाते, म्हणजे आधी मध्ययुगीन इंग्रजी, मग जिथून शब्द घेतला ती भाषा, मग तिच्या मागची. एखाद्या रूपाआधी तारा असेल, तर ते रूप कुठेही लिहिलेले सापडलेले नाही. नात्यातल्या भाषांची तुलना करून अभ्यासकांनी ते बांधले आहे. उतरवून घेताना हा तारा गाळू नका. तारा गेला की अंदाज पुराव्याच्या जागी जाऊन बसतो, आणि पुढच्या वाचकाला ते कळायला मार्ग उरत नाही.

‘बँक’च्या तीन वाटा अशा. काठाची बँक स्कँडिनेव्हियातून आली. नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागांत डेन लोक वसले. त्यांच्या बोलीतला हा शब्द, आइसलँडच्या जुन्या भाषेत ‘बाक्की’. इंग्रजी लिखाणात तो सन १२००च्या सुमारास दिसतो. ओळीची बँक जुन्या फ्रेंच ‘बाँ’वरून, म्हणजे बसायचा बाक, गलबतावर वल्हेकरी ज्या बाकांवर ओळीने बसत, त्यावरून वल्ह्यांची ओळ, आणि पुढे कळफलकाची, स्विचांची, लिफ्टची ओळ. पैशाची बँक इटलीची. तिथले सराफ चौकात बाकावर किंवा मेजावर नाणी मांडून बसत. ते मेज म्हणजे ‘बांको’ किंवा ‘बांका’. फ्रेंचांनी त्याचे ‘बांक’ केले आणि पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते इंग्रजीत आले. व्हेनिसची सरकारी बँक १५८७ साली रिआल्तो चौकात सुरू झाली, तीही त्या चौकाच्याच नावाने.

आता खरी गंमत. या तिन्ही वाटा मागे चालत गेलात तर एकाच जर्मानिक घराण्यात, म्हणजे इंग्रजी, जर्मन आणि स्कँडिनेव्हियाच्या भाषांच्या कुळात पोचतात. फ्रेंच आणि इटालियन भाषांनी आपला ‘बाक’ जर्मानिक टोळ्यांकडूनच घेतला होता. जमिनीवरचा लांबट उंचवटा आणि बसायची लांबट उंच फळी, दोन्ही एकाच कल्पनेतले. म्हणून ‘काठ आणि तिजोरी यांचा काही संबंध नाही’ हेही चूक, आणि ‘काठावर सराफ बसत म्हणून बँक’ हेही चूक. ते चुलत भाऊ आहेत, बापलेक नाहीत. वहीत असे नाते मांडताना सरळ रेघ ओढू नका, फांद्या काढा.

तारखा: खोट्या गोष्टींची चाळणी

प्रत्येक अर्थापुढे तो पहिल्यांदा कधी लिहिलेला सापडतो ते टिपा. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची सारी मदार याच पद्धतीवर आहे; त्याचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि काम १९२८ साली पुरे झाले. प्रत्येक अर्थाखाली कालक्रमाने उताऱ्यांतली वाक्ये दिलेली असतात. नंतरचा अर्थ आधीच्या अर्थाचा जनक असू शकत नाही, एवढा एकच नियम निम्म्या दंतकथा मोडतो. मात्र पहिली लेखी तारीख म्हणजे शब्दाचा जन्मदिवस नव्हे. तोंडी शब्द त्याआधीही असतो, आणि जुने कागद सापडले की तारीख मागे सरकते.

काही अर्थांचा जन्म मात्र नेमका सांगता येतो. ‘ब्लड बँक’ हे नाव १९३७ साली शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात डॉ. बर्नार्ड फँटस यांनी दिले: रक्त जमा करायचे, साठवायचे, गरजेला काढायचे. हा अर्थ पैशाच्या बँकेवरून जाणीवपूर्वक घेतलेला आहे.

दंतकथांत आद्याक्षरांच्या गोष्टी सर्वांत चिवट. ‘पॉश’ हा शब्द इंग्लंड–मुंबई बोटींवरच्या तिकिटांवरून आला, जाताना डावीकडची आणि येताना उजवीकडची सावलीतली केबिन मिळे म्हणून ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ या चार शब्दांची आद्याक्षरे, असे आजही सांगितले जाते. असे शिक्के मारलेले एकही तिकीट कुणाला दाखवता आलेले नाही. शिवाय आद्याक्षरे जोडून शब्द बनवण्याची चाल विसाव्या शतकात रुळली. त्याआधीच्या शब्दाबद्दल अशी व्युत्पत्ती ऐकलीत, तर ती बाजूला ठेवून द्यावी.

कानावर विश्वास ठेवू नका

आपल्याकडे सर्वांत जास्त घोळ इथे होतो. नदी वळते, वळणाला मराठीत ‘बाक’ म्हणतात, बाक संस्कृत ‘वक्र’ आणि प्राकृत ‘वंक’ या कुळातला. मग इंग्रजी ‘बँक’ संस्कृतातूनच गेला, असे कुणीतरी ठोकून देतो. ऐकायला पटते. पण ध्वनी साक्ष देत नाहीत.

संस्कृत आणि इंग्रजी दूरचे नातेवाईक आहेत, आणि त्यांच्यातले ध्वनी ठरलेल्या जोड्यांनी बदलतात. संस्कृतातल्या ‘भ’ला इंग्रजीत ‘ब’ मिळतो: भ्रातृ–ब्रदर, भ्रू–ब्राउ. संस्कृतातल्या ‘व’ला इंग्रजीतला ओठांचा गोल करून उच्चारायचा ‘व’ मिळतो: विधवा–विडो, वात–विंड. ‘प’ला ‘फ’: पितृ–फादर, पाद–फुट. ‘द’ला ‘ट’: दश–टेन, दंत–टूथ. जर्मन भाषाभ्यासक याकोब ग्रिम यांनी १८२२ साली यांतले व्यंजनांचे बरेच नियम सूत्रात मांडले. तेव्हा ‘वक्र’चा सख्खा इंग्रजीत असलाच, तर तो ‘व’ने सुरू व्हायला हवा, ‘बँक’ तो नव्हे. एक पथ्य पाळा: हे नियम फक्त वारशाने आलेल्या शब्दांना लागतात, उसन्या घेतलेल्यांना नाही. ‘साबण’ किंवा ‘टेबल’वर ते चालवून बघू नका.

आता बसायचा ‘बाक’ घ्या. तो वळणाच्या बाकापेक्षा वेगळा शब्द. पोर्तुगीज ‘बांकु’वरून आला. पगार, चावी, बादली, घमेले हे ज्या वाटेने आले त्याच वाटेने. म्हणजे शाळेतला बाक आणि कोपऱ्यावरची बँक हे खरे नातेवाईक, आणि नदीचा बाक व नदीची बँक हे केवळ आवाजाने शेजारी. पोर्तुगीजांत तर ‘बांकु’ म्हणजे बाकही आणि बँकही. गोव्यात नोटा काढणारी बँक ‘बांकु नासियोनाल उल्त्रामारिनु’ होती आणि कोकणीत बसायचा ‘बांक’ आजही आहे. जर्मन भाषेत अजून नेटके उदाहरण: एकवचनात दोन्ही ‘बांक’, पण अनेक बाक असतील तर ‘बेंके’ आणि अनेक बँका असतील तर ‘बांकन’. एका शब्दाचे दोन होत असताना ते अनेकवचनात पकडता येतात.

इंग्रजीत घरातलाच जुना शब्द ‘बेंच’ आहे. मुळातल्या ‘क’चा इंग्रजीत पुष्कळदा ‘च’ झाला, स्कँडिनेव्हियाकडच्या बोलीत ‘क’ टिकला. म्हणून ‘चर्च’ आणि स्कॉटलंडचे ‘कर्क’, ‘डिच’ आणि ‘डाइक’, तसेच ‘बेंच’ आणि ‘बँक’. ‘बँक्वेट’ म्हणजे मुळात छोटा बाक. ‘बँकरप्ट’ म्हणजे इटालियन ‘बांका रोत्ता’, मोडका बाक. त्यातला ‘प’ लॅटिन जाणणाऱ्यांनी नंतर घातला. दिवाळखोर सराफाचे मेज चौकात कुऱ्हाडीने फोडत, ही कथा सोबत हमखास येते. शब्द समजायला तिची गरज नाही. ‘मोडला’ हे ‘बुडाला’ या अर्थाने आपणही म्हणतोच.

मराठीत कोणता शब्द घालायचा

भाषांतर करणाऱ्यांनी वहीतली पहिली यादी परत काढावी. पैशाला ‘बँक’ रुळला आहे, तो बदलू नये. साठवून ठेवण्याच्या अर्थाला ‘पेढी’ सुरेख बसतो: रक्तपेढी, नेत्रपेढी. स्विचांची ‘ओळ’, विमान ‘कलते’, ‘बँक ऑन’ असेल तर माणसावर ‘भिस्त ठेवतात’. ढगांना किंवा धुक्याला ‘बँक’ असेल तर ‘थर’ किंवा ‘पट्टा’. जॉर्डन नदीच्या ‘वेस्ट बँक’ला ‘पश्चिम किनारपट्टी’ म्हटले की वाचकापुढे समुद्र येतो. ‘पश्चिम तीर’ नेमके आहे.

नदीच्या डाव्या-उजव्या बँकेत एक खाच आहे. डावा-उजवा ठरतो तो पाणी वाहते त्या दिशेकडे तोंड करून; नकाशाच्या वरच्या-खालच्या बाजूने नाही. पाटबंधारे खात्याच्या इंग्रजी कागदात ‘लेफ्ट बँक कॅनॉल’ असतो, मराठीत तो नुसता ‘डावा कालवा’: नीरा डावा, नीरा उजवा, खडकवासल्याचा मुठा उजवा. ‘बँक’ गळून पडली तरी अर्थ काही सांडला नाही, म्हणून तिथे ‘तीर’ मुद्दाम घालत बसू नये.

सरावाला पुढचा शब्द ‘बार्क’ घ्या: कुत्र्याचे भुंकणे, झाडाची साल आणि जुन्या पद्धतीचे शिडाचे जहाज. आधी वाक्ये लिहा, मग आकडे पाहा. यातली साल कोणत्या लोकांबरोबर इंग्लंडात आली, हे ‘बँक’चा काठ पाहिलेल्याला ओळखता येईल.