राउटर रीबूट झाला की ग्राफ भलत्याच पोर्टचा? या चुका टाळा

वळवाचा पाऊस सुरू झाला की नाशिकच्या सातपूर-अंबडकडच्या कारखान्यांत आयटी सांभाळणाऱ्यांसमोर एक प्रकरण हमखास येतं. रात्री वीज जाते, यूपीएस मान टाकतो, पहाटे सगळं आपोआप उठतं. राउटर चालू, इंटरनेट चालू, टनेलही (इंटरनेटवरून दुसऱ्या जागेला जोडणारी खासगी वाट) चालू. पण ट्रॅफिकचा ग्राफ बघावा तर पिंपळगाव बसवंतच्या गोदामाची जी लाइन एरवी दोन-तीन एमबीपीएसवर रेंगाळते, ती चाळीसवर जाऊन बसलेली. मग गोदामातल्या पोराला फोन, काय डाउनलोड लावलंय म्हणून दमदाटी, इंटरनेटवाल्याकडे तक्रार. गोदामात कोणी काहीच केलेलं नसतं. ग्राफवर नाव गोदामाचं आहे, आकडे मात्र कॅमेऱ्यांचे.

हा घोळ आयएफइंडेक्सचा. एसएनएमपी, म्हणजे नेटवर्कच्या उपकरणांना त्यांची माहिती विचारण्याची प्रमाण पद्धत. तिच्यात राउटरच्या प्रत्येक इंटरफेसला (पोर्ट किंवा पोर्टसारख्या जोडणीला) एक क्रमांक असतो, तोच आयएफइंडेक्स, आणि ट्रॅफिक, एरर, अप-डाउन ही सगळी माहिती त्या क्रमांकाखाली मिळते. क्रमांक कायमचा असणार हे आपण धरून चालतो. मानक तसं कुठेच म्हणत नाही. २००० सालच्या आरएफसी २८६३ या मानकात हमी आहे ती एवढीच, की उपकरणाची मॉनिटरिंग यंत्रणा एकदा सुरू झाल्यापासून पुन्हा सुरू होईपर्यंत क्रमांक बदलणार नाहीत. रीबूटनंतर राउटरने नवे क्रमांक वाटले तर तो नियमातच वागतोय.

क्रमांक सरकतात कसे, ते एकदा नीट पाहून घ्या. सिस्कोच्या साध्या आयओएस (सिस्कोची स्वतःची प्रणाली, आयफोनची नव्हे) राउटरवर समजा फिजिकल पोर्ट वगैरे मिळून १ ते ७ क्रमांक गेले. ऑफिससाठी .१० हा सबइंटरफेस (एकाच पोर्टचा आभासी भाग) केलात, त्याला ८ मिळाला. कॅमेऱ्यांसाठी .२० केलात, त्याला ९. दिवाळीनंतर गोदामाचा टनेल जोडलात, त्याला १०. चालू राउटरवर असे जन्मक्रमाने नंबर पडत जातात. रीबूट झाला की तोच राउटर कॉन्फिग (सेटिंगची फाइल) वरून खाली वाचतो, आणि कॉन्फिगमध्ये टनेल सबइंटरफेसच्या वर असतो. म्हणजे आता टनेल ८, ऑफिस ९, कॅमेरे १०. तुमचं ग्राफ काढणारं टूल इमानेइतबारे दहा नंबरच विचारत राहतं आणि गोदामाच्या ग्राफमध्ये कॅमेरे ओततं. बदल केला दिवाळीत, फटका बसला मे महिन्यात. त्यामुळे दोन्हींचा संबंध पटकन कोणाच्या ध्यानात येत नाही.

राउटरला क्रमांक लक्षात ठेवायला न सांगणं

सिस्कोवर यासाठी एका ओळीचं काम आहे: ग्लोबल कॉन्फिगमध्ये ‘एसएनएमपी-सर्व्हर आयएफइंडेक्स पर्सिस्ट’. आयओएसच्या नव्या आवृत्त्यांत तीच ओळ ‘एसएनएमपी आयएफएमआयबी आयएफइंडेक्स पर्सिस्ट’ अशी लिहिली जाते. मग राउटर इंटरफेसचं नाव आणि क्रमांक यांची जोडी एनव्हीरॅममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) एका फाइलीत ठेवतो आणि उठल्यावर तिथूनच वाचतो. ओळ टाकून कॉन्फिग सेव्ह करायचं राहून गेलं, तर पुढच्या रीबूटला ओळही गायब. हसू नका, सर्रास होतं. जुनिपरच्या जुनॉसमध्ये ही जोडी मुळातच डिस्कवर जपली जाते, तिथे वेगळं काही करावं लागत नाही.

एक क्रम मात्र पाळा. क्रमांक विस्कटल्यानंतर घाईघाईने पर्सिस्ट चालू केलंत तर विस्कटलेलेच क्रमांक पक्के होतात. त्यात बिघडत काही नाही, पण मग टूलमधली जोडणी त्या नव्या क्रमांकांप्रमाणे लावून घ्यावीच लागते. जुने क्रमांक आपोआप परत येतील या आशेवर बसू नका.

स्पेअर राउटर लावला आणि फक्त कॉन्फिग चढवलं

विजेच्या लोळात राउटर जळाला, कपाटातला स्पेअर काढला, रोजच्या बॅकअपमधून कॉन्फिग चढवलं, अर्ध्या तासात कंपनी चालू. शाबासकी. पण क्रमांकांची फाइल त्या कॉन्फिगचा भाग नाही. स्पेअरवर सगळे क्रमांक नव्याने पडणार, पर्सिस्टची ओळ असूनही. बॅकअप घेताना एनव्हीरॅममधली आयएफइंडेक्स-टेबल ही फाइलही उचलत चला.

एसएनएमपी आवृत्ती ३ वापरत असाल तर आणखी एक खाच आहे. प्रत्येक राउटरची इंजिन आयडी (एसएनएमपीसाठीची त्याची ओळख) वेगळी असते आणि युजरच्या पासवर्डपासून बनणाऱ्या किल्ल्या त्या आयडीला बांधलेल्या असतात. सिस्कोवर हे युजर चालू कॉन्फिगमध्ये दिसतही नाहीत, म्हणून बॅकअपमध्ये येत नाहीत. राउटर चालू असतानाही टूल त्याला ‘डाउन’ म्हणत असेल तर केबल हलवत बसण्याआधी हे बघा. युजर पुन्हा तयार केले की काम झालं.

टूलमध्ये क्रमांकालाच ओळख मानणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. राउटर दहा बनावटींचे असतात आणि पर्सिस्टची सोय प्रत्येकात नसते. टूल मात्र आपल्या हातात असतं. एमआरटीजी या टूलचं कॉन्फिग बनवणारा सीएफजीमेकर सांगितलं नाही तर क्रमांकावरच टार्गेट बनवतो. त्याला ‘आयएफरेफ’ हा पर्याय देऊन नाव, वर्णन किंवा आयपीवर बांधता येतं. लिब्रेएनएमएसमध्ये पोर्ट कशावरून ओळखायचा ते डिव्हाइसच्या सेटिंगमध्ये असतं आणि तिथे मुळात आयएफइंडेक्सच निवडलेला असतो. तो बदलून आयएफनेम (इंटरफेसचं नाव) करा. झॅबिक्सच्या टेम्प्लेटमध्ये आयटमची ‘की’ (ओळखनाव) इंडेक्सवर बेतलेली असेल तर क्रमांक बदलला की पोर्टचा इतिहास तुटतो किंवा दुसऱ्याच पोर्टला जाऊन चिकटतो. प्रोमिथियसवाल्यांनी ग्राफची क्वेरी आयएफइंडेक्सच्या लेबलवर न लिहिता आयएफनेमवर लिहावी.

कॅक्टी वापरणाऱ्यांनी री-इंडेक्सची (क्रमांकांची यादी पुन्हा वाचून घेण्याची) पद्धत तपासावी. ती ‘नन’ असेल तर रीबूट झाल्याचा पत्ताच लागणार नाही. ‘अपटाइम मागे गेला’ हा पर्याय बहुतेक ठिकाणी पुरतो. त्यात एक गंमत आहे. सिसअपटाइम (किती वेळ चालू आहे ते) हा सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजणारा ३२ बिटचा आकडा असल्यामुळे साधारण ४९७ दिवसांनी तो स्वतःच शून्यावर येतो. तेव्हा रीबूट न होताही री-इंडेक्स होतं, पण त्याने नुकसान काही नाही. नाशिकच्या विजेवर आणि आपल्याकडच्या यूपीएसवर ४९७ दिवस सलग चालणारा राउटर दिसला तर फोटो काढून ठेवा.

ओळखीसाठी आयएफनेम वापरा आणि ग्राफवर दाखवायला आयएफएलियास, म्हणजे इंटरफेसवर आपण लिहितो ते डिस्क्रिप्शन. रीबूटनंतरही ते टिकलं पाहिजे असं मानकातच आहे, त्यामुळे त्यावर विसंबता येतं. पण लोक तिथे काय लिहितात? ‘टेस्ट’, ‘न्यू’, ‘न्यू २’. दोन पोर्टना सारखंच वर्णन असेल तर ते ओळख म्हणून कुचकामी. ६४ अक्षरांत बसेल असं लिहा: कुठली लाइन, कुठे जाते, सर्किट क्रमांक. आणि हे एक ठिकाण असं, जिथे मराठीचा अभिमान बाजूला ठेवून रोमन अक्षरांत लिहावं. ही जागा आस्की अक्षरांपुरतीच आहे, देवनागरी घातली तर टूलमध्ये भलतीच चिन्हं उमटू शकतात.

पीपीपीओईच्या ग्राहकांचे इंटरफेसवरून ग्राफ

सिडको-इंदिरानगरच्या गल्ल्यांत केबल इंटरनेट देणाऱ्यांसाठी हे. पीपीपीओई म्हणजे ग्राहकाने युजरनेम-पासवर्डने लॉगिन करून जोडायची पद्धत. मायक्रोटिक राउटरवर ग्राहक लॉगिन झाला की त्याच्या नावाने तात्पुरता इंटरफेस तयार होतो, तुटला की नाहीसा होतो, पुन्हा जोडला की नवा क्रमांक घेऊन येतो. इथे रीबूटचीही गरज नाही. ग्राहकाने रात्री ओएनयूचं (घरातल्या फायबरच्या डब्याचं) बटण बंद केलं तरी पुरे. आठवड्याभरात टूलमध्ये मेलेल्या इंटरफेसांचा खच पडतो. ग्राहकाचा वापर रेडियस अकाउंटिंगमधून (लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरवरच्या वापराच्या नोंदींतून) घ्या. ज्या मोजक्या ग्राहकांचा ग्राफ हवाच आहे, त्यांच्यासाठी युजरनेमला बांधलेला कायमचा पीपीपीओई-सर्व्हर इंटरफेस करून ठेवा.

नेटफ्लोचं, म्हणजे कुठून कुठे किती ट्रॅफिक गेला याच्या राउटरने पाठवलेल्या नोंदींचं, प्रकरण वेगळं. फ्लोच्या पाकिटात आत-बाहेरचा इंटरफेस क्रमांकानेच लिहिलेला असतो, नाव त्यात नसतं. या नोंदी गोळा करणारा कलेक्टर एसएनएमपीवरून नावांची यादी मागवून ठेवतो आणि ती शिळी झाली की टनेलचा ट्रॅफिक ऑफिसच्या नावावर लागतो. टूलकडून कितीही नावाने बांधलंत तरी राउटरवरचं पर्सिस्ट लागतं, ते यासाठी.

रीबूटच्या क्षणी ग्राफवर आकाशाला भिडणारा सुळका दिसतो, त्याचा क्रमांकाशी संबंध असेलच असं नाही. काउंटर शून्यावर आला की आरआरडी (ग्राफचे आकडे साठवणारी यंत्रणा) त्याला ‘आकडा भरून पुन्हा सुरू झाला’ असं समजू शकतो. पोर्टच्या वेगाइतकी कमाल मर्यादा घाला. ३२ बिटचे काउंटर वापरत असाल तर आजच सोडा. एक गिगाबिटच्या भरल्या लाइनवर ते ३४ सेकंदांत भरतात.

हे सगळं केल्यावर मुद्दाम रीबूट करून बघा, वीज जायची वाट पाहू नका. सुट्टीच्या दिवशी आधी आयएफनेमचा एसएनएमपी वॉक (क्रमांक आणि नावांची पूर्ण यादी) फाइलीत घ्या, राउटर रीलोड करा, पुन्हा वॉक घ्या, दोन्ही फाइली शेजारी ठेवा. २०२७ च्या सिंहस्थासाठी पंचवटी-तपोवन भागातल्या लॉज आणि धर्मशाळांत कॅमेरे, वायफाय, तात्पुरत्या लिंका वाढवणार असाल तर प्रत्येक भर घातल्यानंतर हाच वॉक पुन्हा.

आणि ज्यांचे ग्राफ आधीच मिसळलेत त्यांच्यासाठी: आरआरडीच्या फाइलीत गेलेले चुकीचे आकडे वेगळे काढायच्या भानगडीत पडू नका. जुनी फाइल रीबूटच्या तारखेसह नाव बदलून बाजूला ठेवा, नवी सुरू करा. त्या महिन्याचा ग्राफ बिलाच्या वादात पुरावा म्हणून कोणाला पाठवू नका.