कपाटातली बारा बोअर: खंडेनवमीच्या आधी एवढं तरी बघून घ्या

पुण्यात ज्यांच्याकडे परवान्याची बंदूक आहे त्यातल्या बऱ्याच जणांची बंदूक बाहेर येते ती खंडेनवमीला पूजेसाठी, लायसन रिन्यू करताना किंवा निवडणूक लागली आणि जमा करा म्हणून नोटीस आली की. मुळशी-भोरकडे पीक संरक्षणाचा परवाना असलेले शेतकरी सोडा, बाकीच्यांची डबल बॅरल, म्हणजे दोन नळ्यांची बारा बोअर (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप), वर्षभर कपाटात झोपलेली असते. आणि माझं स्पष्ट मत आहे की चालवून जेवढ्या बंदुका खराब होत नाहीत तेवढ्या नुसत्या पडून राहून होतात, आणि घोळही नेमका अशाच बंदुकीने होतो कारण सगळे धरून चालतात की ती रिकामी आहे.

म्हणून पहिलं काम म्हणजे उघडून बघणं. कपाटातून काढली, दुसऱ्या कोणी हातात दिली, जमा केलेली परत आली, कधीही. बोट चापाच्या बाहेर ट्रिगर गार्डवर ठेवायचं, अंगठ्याने वरची लिव्हर बाजूला ढकलायची, नळ्या खाली झुकतात, मग दोन्ही चेंबरमध्ये (नळीचा मागचा भाग, जिथे काडतूस बसतं) डोळ्याने बघायचं आणि उजेड कमी असेल तर बोटाने चाचपायचं. पंप किंवा सेमी-ऑटो असेल तर चेंबर रिकामं दिसलं म्हणून खूश होऊ नका, खालच्या मॅगझिनच्या, म्हणजे जादा काडतुसांच्या, नळीत काडतूस असू शकतं, तेही बघा. दुसऱ्याला द्यायची तर उघडीच द्यायची. समोरचा काका असो नाहीतर रिटायर्ड फौजी, त्याने पुन्हा उघडून बघितलं तर राग मानायचा नाही, तेच बरोबर आहे.

नळीचं तोंड माणसाकडे नको हे सगळ्यांना पाठ असतं, पण फ्लॅटमध्ये नक्की कुठे करायचं? वाड्यात खाली जमीन होती, सोसायटीत खाली जोशी आणि वर कुलकर्णी. त्यामुळे माझा साधा नियम, घरात बंदूक बाहेर असेल तेव्हा काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात, दोन्ही एका वेळी एका टेबलावर येणारच नाहीत.

सेफ्टीवर भिस्त ठेवू नका बरं का. बऱ्याच डबल बॅरलमध्ये सेफ्टी फक्त चाप अडवते, आतला घोडा (काडतुसावर ठोका देणारा हॅमर) ताणलेलाच राहतो, भरलेली बंदूक जोरात आपटली तर गोळी सुटू शकते. बाहेर घोडे असलेली जुनी बंदूक तर आणखी सांभाळून, चढवलेला घोडा अंगठ्याने हळूच उतरवताना घसरला की संपलं, त्यापेक्षा आधी उघडून काडतूस काढा आणि मग घोडा उतरवा.

आता काडतुसं. आपल्याकडे बहुतेकांच्या डब्यात शक्तिमान असतात, ती आपल्याच खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीतली, १८६९ सालची फॅक्टरी आहे ती. पण डब्यावर लांबी काय लिहिलीये ते वाचता का? जुन्या बऱ्याच बंदुकांचं चेंबर ६५ मिमीचं असतं आणि ७० मिमीचं काडतूस त्यात आरामात बसतं, इथेच फसगत होते, कारण ती लांबी उडाल्यानंतर उघडलेल्या काडतुसाची असते. तोंड उघडायला जागा मिळाली नाही की प्रेशर भलतंच वाढतं. चेंबरची लांबी नळीच्या खालच्या बाजूला कोरलेली असते, नसेल तर परवानाधारक गनस्मिथकडून मोजून घ्या. पणजोबांच्या नळीवर लाटा-लाटांची नक्षी दिसत असेल तर ती डमास्कसची, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेली, असू शकते, अशा नळ्या बऱ्याचशा काळ्या दारूच्या (जुन्या गनपावडरच्या) जमान्यातल्या, तपासल्याशिवाय आजचं काडतूस त्यात घालूच नका, भिंतीवर शोभते ती. आणि वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या आसपासही ठेवू नका. ते बारीक असल्याने चेंबरमधून पुढे सरकून नळीत अडकतं, मागून बघितलं तर चेंबर रिकामं दिसतं, त्यावर बाराचं घालून चालवलं की नळी फाटते. वीसचं काडतूस पिवळं करायची पद्धत याचसाठी पडलीये.

चाप ओढला आणि काहीच झालं नाही तर लगेच उघडायचं नाही, तोंड सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर थांबायचंच, रिकामी करून नळीत आरपार बघायचं, वॅड (काडतुसातली दारू आणि छरे यांच्यामधली गुडदी) अडकलेला असू शकतो. शेताच्या बांधावर तोंड चिखलात गेलं तरी तेच.

सफाईला फार काही लागत नाही. पुढचा लाकडी भाग काढायचा, नळ्या दस्त्यापासून (खांद्याला लागणाऱ्या लाकडी भागापासून) वेगळ्या करायच्या. सफाईचा गज घालायचा तो नेहमी चेंबरकडून तोंडाकडे. आधी ब्राँझचा ब्रश सॉल्व्हंट लावून, मग जुन्या बनियनच्या चिंध्या, चिंधी स्वच्छ बाहेर येईपर्यंत. मग खिडकीच्या उजेडाकडे धरून आत बघा, आतला चकचकाट सलग दिसला पाहिजे, कुठे काळी कडी किंवा सावली दिसली तर तो पोचा असू शकतो, बारीक काळे ठिपके म्हणजे गंजाचे खड्डे. खड्डे पॉलिश पेपरने घासायला जाऊ नका, नळीचा पत्रा आधीच पातळ असतो.

शेवटी तेलाचा अगदी पातळ हात, आतून-बाहेरून. शिलाई मशीनचं तेल चालतं, गन ऑइल असेल तर उत्तमच. खोबरेल नको! पुण्याच्या थंडीत बाटलीत गोठतं ते फायरिंग पिनपाशीही घट्ट होणार, शिवाय खाण्याची तेलं कालांतराने चिकट होतात आणि धूळ धरतात. तेल जास्त झालं तर ओघळून दस्त्याच्या लाकडात मुरतं आणि लाकूड भुसभुशीत होतं, म्हणून सफाईनंतर एक रात्र तोंड खाली करून उभी ठेवा, खाली कापड घालून. बिजागरीच्या पिनवर ग्रीसचा ठिपका पुरे. दस्त्याला जवसाच्या तेलाचे चार थेंब तळहाताने चोळा आणि जास्तीचं पुसा, फक्त ती चिंधी बोळा करून टाकू नका, जवसाच्या तेलाची चिंधी आपोआप तापून पेट घेऊ शकते, पसरून वाळवा.

पावसाळ्यात चामड्याच्या किंवा कॅनव्हासच्या कव्हरमध्ये ठेवू नका, ते ओल धरून ठेवतं. कुलपाच्या कपाटात कव्हरशिवाय, सोबत सिलिका जेल, आणि जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा तरी तेलाच्या फडक्याने पुसणं. हात लावलात की पुसा, घामाच्या बोटाचा ठसा चार-आठ दिवसांत तांबूस होतो.

आता खंडेनवमी. हळदकुंकू थेट धातूवर वाहिलं की ते लाकूड आणि लोखंडाच्या सांध्यात बसतं आणि ओल ओढतं, ओल्या झेंडूखाली तर दुसऱ्या दिवशी फुलाच्याच आकाराचा डाग. आमच्याकडे बंदूक पाटावर, समोर कापड, हळदकुंकू-फुलं कापडावर, पाणी शिंपडायचं नाही, संध्याकाळी पुसून आत. आणि हौसेने हवेत बार वगैरे अजिबात नको, शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

त्याच दुरुस्तीने लायसनची मुदत तीनाची पाच वर्षं झाली आणि एका माणसाकडे जास्तीत जास्त दोनच शस्त्रं राहिली. लायसनवाले आजोबा गेले तर बंदूक आठवण म्हणून घरात ठेवता येत नाही, पोलीस स्टेशनला किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करायची आणि मग वारसाने आपल्या नावाने अर्ज करायचा, शहरात पोलीस आयुक्तालयात, ग्रामीणला जिल्हाधिकाऱ्यांकडे. बंदुकीबरोबर फुगलेली, हिरवट डाग पडलेली जुनी काडतुसं निघाली तर तीही तिथेच द्या, घंटागाडीत टाकू नका.